बाबांना शुगर नाही, तरी किडनीच्या डॉक्टरांनी शुगरची गोळी दिली. चालू ठेवावी का?

अरुणावतीकाठ (प्रश्न):

राम राम मंडळी. गाव दिग्रस तालुक्यातलं. बाबा 61 वर्षांचे, कोरडवाहू शेती, कपाशी नि तूर. बीपीची गोळी दहा-बारा वर्षांपासून चालू, टेलमिसार्टन. शुगर नाही, दोन-तीनदा तपासून झाली.

मार्चमध्ये पायावर सूज दिसली म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळायचा रक्तातला कचरा, 2.1. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या लहान, 8.4 नि 8.6 सेंटिमीटर, खाली लिहिलेलं 'ग्रेड टू एमआरडी', म्हणजे किडनीचा आजार. ते म्हणाले, आता नागपूरला नेफ्रॉलॉजिस्टला, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना दाखवा.

पहाटेची एसटी धरली, नंबर लागला दुपारी. डॉक्टरांनी नाडी-बीपी पाहिलं, पाय दाबून पाहिले, आणि मग नुसतं विचारणं. गुडघे दुखले की काय घेता? कोणाकडून घेता? रोज की अधूनमधून? लघवीला फेस येतो का, तो टिकतो का? रात्री किती वेळा उठता? फवारणी स्वतः करता का? घरात आणखी कोणाला किडनीचं? बाबा कावले. बाहेर आल्यावर म्हणे, "हा डाक्टर हाये का पटवारी?"

एवढं करून चिठ्ठी काय, तर गुडघ्याची गोळी कायमची बंद, रोज सकाळची ॲसिडिटीची गोळी बंद, मीठ कमी, आणि नवीन एकच गोळी, डॅपाग्लिफ्लोझिन 10. लघवीतल्या प्रोटीनची तपासणी केली, एसीआर 900 आला. म्हणाले, महिन्यानं या.

गावाकडच्या मेडिकलवर चिठ्ठी दाखवली तर तो म्हणे, "ही तं शुगरची गोयी हाये. काकाजीले शुगर कधीपासून?" तिथून घरात वाद सुरू. आता महिनाभरानं रक्त तपासलं तर क्रिएटिनिन 2.4! म्हणजे गोळीनं वाढलंच ना? आमचे भाऊजी म्हणतात आजच बंद करा, त्यांच्या ओळखीत एक काढेवाला आहे, तीन महिन्यांत क्रिएटिनिन खाली आणतो म्हणे.

माझे प्रश्न: गोळी चालू ठेवावी का? दोन गोळ्या बंद करायला नि एक सुरू करायला एवढ्या दूर जायचं, तर यवतमाळचे एमडी डॉक्टर हे करू शकत नाहीत का? आणि मुतखड्याच्या डॉक्टरांना एकदा दाखवू का? तेही किडनीचेच ना?


जवस_भाकर:

डॉक्टर लोक घाबरवतात. माझ्या मामांचं 1.8 होतं. रोज पाच लिटर पाणी आणि गोखरूचा काढा, सगळं धुऊन निघालं. भाऊजींचं ऐका. गेलं तर काय जाणार आहे?


मेडिकलवाला_मूर्तिजापूर:

त्या मेडिकलवाल्याचं अर्धं बरोबर आहे. डॅपा बाजारात आली ती शुगरची म्हणूनच. पण आता माझ्या काउंटरवर तिच्या चिठ्ठ्या हार्टवाल्यांच्याही येतात आणि किडनीवाल्यांच्याही, पेशंटला शुगर असो-नसो. 2020 मध्ये पेटंट संपलं, आपल्या कंपन्यांनी काढली, तेव्हापासून परवडणारी झाली. आधी महिन्याचा खर्च ऐकूनच लोक माघारी जायचे.

गुडघ्याच्या गोळीबद्दल मात्र बोलायलाच नको. पेरणी लागली की माणसं चिठ्ठीशिवाय येतात, "ते लाल पाकिटातली द्या" म्हणतात. नाही म्हटलं की पुढच्या दुकानात मिळतेच.


डॉक्टरीणबाई_अमरावती:

मी नेफ्रॉलॉजिस्ट आहे. अमरावतीत बसते आणि महिन्यातल्या एका शनिवारी एका तालुक्याच्या गावी. तुमच्या बाबांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचा. पण तुम्ही जे आकडे दिलेत त्यावरून सांगते, गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

आधी 2.4 चं बघू. 2.1 वरून 2.4 म्हणजे साधारण 14 टक्के वाढ. ही गोळी किंवा टेलमिसार्टन सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत 30 टक्क्यांपर्यंतची वाढ आम्ही धरूनच चालतो. त्यापलीकडे गेलं तर थांबून कारण शोधतो. कारण असं की, दोन्ही किडन्यांत मिळून वीसेक लाख बारीक गाळण्या असतात. बाबांच्या त्यातल्या बऱ्याच बंद पडल्या आहेत, आणि उरलेल्या सगळ्यांचं काम ओढताहेत. त्यांच्या आतला दाब वाढलाय. त्या दाबानंच प्रोटीन लघवीत ढकललं जातं. एसीआर 900 हा त्याचाच पुरावा, एरवी तो 30 च्या आत हवा. तुमच्याकडे ठिबक असेल तर कळेल: प्रेशर जास्त ठेवलं की पाणी जोरात येतं, पण जोडण्या निसटतात, नळ्या फाटतात. व्हॉल्व्ह थोडा फिरवला तर पाणी कमी पडल्यासारखं वाटतं, नळ्या मात्र टिकतात. टेलमिसार्टन गाळणीतून बाहेर जाणारी वाट मोकळी करते, डॅपा आत येणारी वाट जरा आवळते. दोन्हींनी दाब उतरतो. गाळणं थोडं कमी झालं की क्रिएटिनिन थोडं वर जातं. पुढच्या वर्षांत घसरण मंदावते, ती या मोबदल्यात.

हे माझं मत म्हणून सांगत नाही. 2020 साली डापा-सीकेडी नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 4304 रुग्ण, त्यातल्या जवळपास एक तृतीयांश लोकांना शुगर नव्हतीच. किडनी निम्म्यानं खालावणं, ती निकामी होणं, किंवा किडनी-हृदयानं मृत्यू, हे सगळं मिळून गोळी घेणाऱ्यांत 39 टक्क्यांनी कमी झालं. शुगर नसलेल्यांनाही फायदा तसाच झाला. तुमच्या मेडिकलवाल्याला हे ठाऊक नसेल तर त्यात त्याचा दोष नाही.

बाबांचा पटवारीवाला शेरा मी आमच्या स्टाफला वाचून दाखवला. आमचं अर्धं काम चौकशीचंच आहे. स्टेथोस्कोप लावून किडनी ऐकू येत नाही. माझ्याकडे पेशंट आला की मी पहिल्यांदा पिशवी टेबलावर उलटी करायला सांगते. फक्त फाईल नको, घरातून जे-जे खाता-लावता ते सगळं. मागे एका आजीबाईंच्या पिशवीतून निघालं ते सांगते: बीपीच्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या, दोन्हींत औषध तेच, आणि त्या दोन्ही घेत होत्या. कागदाच्या पुडीत बिनानावाच्या गुलाबी गोळ्या, "सुई देणाऱ्या डाक्टरच्या". बाजारातून आणलेली सांधेदुखीची काळी पूड. आणि सुनेची गोरं व्हायची क्रीम, जी त्या हातापायाच्या डागांना लावायच्या. पुडीतली गोळी दुखण्याची निघाली. काळ्या पुडीबद्दल काय बोलू, अशा पुडींत कधी स्टेरॉइड असतं, कधी जड धातू. आणि विनालेबलच्या काही क्रीममध्ये पारा असतो, त्यानं लघवीतून प्रोटीन धो-धो जायला लागतं. हे कळायला कुठलंही मशीन लागलं नाही.

तर गुडघ्याची गोळी. ॲसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, नाइमसुलाइड, सगळी एकाच कुळातली. गाळणीत रक्त आणणारी नळी उघडी ठेवणारं जे रसायन शरीर बनवतं, तेच या गोळ्या बंद पाडतात. तरुण, धडधाकट माणसाला चार दिवसांत काही होत नाही. पण वय साठच्या पुढे, बीपी, त्यावर टेलमिसार्टन, आणि आपल्याकडचा मे महिना, दिवसभर वखर हाकून घामानं पाणी गेलेलं. अशात संध्याकाळी ती एक गोळी म्हणजे किडनीचा रक्तपुरवठा चारी बाजूंनी आवळला. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल चालेल, किती ते डॉक्टरांना विचारून. ॲसिडिटीची गोळी रोज वर्षानुवर्षं घेतली तर काही जणांच्या किडनीला आतून सूज येते. गुडघ्याची गोळी गेली की बहुतेकांची ॲसिडिटीही जाते, म्हणून दोन्ही एकाच दिवशी बंद केल्या असणार. मीही तेच केलं असतं.

बायोप्सी, म्हणजे सुईनं किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं, ती का नाही केली, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी विचारेलच. मोठ्या माणसाची किडनी साधारण 9 ते 11 सेंटिमीटर. 8.4 म्हणजे आक्रसलेली. आजार जुना आहे, व्रण झालेत. तिथं सुई घालून हाती फार लागत नाही, रक्तस्राव व्हायची भीती मात्र राहते. उलट किडनी आकारानं चांगली आणि क्रिएटिनिन एकाएकी वर, असा पेशंट आला की मी सगळी कामं बाजूला ठेवते. गेल्या सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत घोणस चावलेली एक मजूर बाई आली. लस ग्रामीण रुग्णालयात मिळाली होती, पण दुसऱ्या दिवसापासून लघवी जवळजवळ बंद. नळीत जमलेली चहासारखी चार चमचे लघवी यंत्रात फिरवून तिचा गाळ मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मातकट तपकिरी, जाडसर तुकडे, भिंगाखाली दिसणारी सगळी जागा भरून. किडनीच्या आतल्या नळ्यांचं अस्तर सोलून निघालं की असं दिसतं. गाळण्या शाबूत होत्या. तिच्या नवऱ्याला सांगितलं, डायलिसिस लागेल, पण बहुधा कायमचं नाही. त्याला ते पटेना, कारण गावात डायलिसिसला गेलेला माणूस परत आलेला कोणी पाहिलेला नव्हता. तिसऱ्या आठवड्यात लघवी मोकळी झाली, डायलिसिससाठी गळ्यात घातलेली नळी काढली, घरी गेली.

बाबांचं तसं नाही. त्यांच्या वयाला 2.1 म्हणजे ईजीएफआर, किडनी किती गाळते त्याचा अंदाज, साधारण 35, तिसऱ्या टप्प्याचा खालचा भाग. गेलेलं परत येणार नाही. राहिलेलं किती वर्षं पुरवायचं, एवढंच हातात आहे, आणि तेही थोडकं नाही. नीट जपलं तर त्यांना डायलिसिस कधी लागणारही नाही.

यवतमाळच्या एमडींकडे जरूर जा. दर महिन्याचं बीपी, पोटॅशियम, हिमोग्लोबिन त्यांनीच पाहावं, नागपूरला सहा महिन्यांतून एकदा पुरे, तुमचे डॉक्टर हो म्हणाले तर. एमबीबीएस, मग एमडी मेडिसिन, त्यावर तीन वर्षं फक्त किडनी, म्हणजे डीएम नेफ्रॉलॉजी. एमडींना किडनी कळत नाही असं नाही. पण कुठली गोळी किती टक्के वाढ होईपर्यंत चालू ठेवायची, असले निर्णय रोज घेतले की हात धीट होतो. 2.4 पाहून घाईनं डॅपा बंद केलेले पेशंट माझ्याकडे नेहमी येतात. अडचण अशी की आमच्यातले बहुतेक नागपुरात, थोडे अमरावती-अकोल्यात, आणि पेशंट दिग्रस, एटापल्ली, संग्रामपुरात.

मुतखड्याचे डॉक्टर म्हणजे युरॉलॉजिस्ट, ते सर्जन. खडा, प्रोस्टेट, अडकलेली लघवी हे त्यांचं. सोनोग्राफीत किडनी फुगलेली असती तर मीच तुम्हाला त्यांच्याकडे धाडलं असतं.

जवस_भाकर, तुमच्या मामांचं उतरलं असेल तर ते बहुधा उलटी-जुलाबानं पाणी कमी होऊन तात्पुरतं वाढलेलं असणार. पायावर सूज असलेल्या माणसाला पाच लिटर पाणी पाजू नका, ते फुप्फुसात उतरतं. आणि काढा कसला आहे हे कळल्याशिवाय "गेलं तर काय जाणार" म्हणता येत नाही.


पूर्णाकाठचा:

मी दर्यापूरकडचा, खारपानपट्ट्यातला, जिथं जमिनीतलं पानीच खारं. हप्त्यातून दोनदा डायलिसिसवर हाये, सरकारी दवाखान्यात, पैसे लागत नाईत. चार-चार घंटे खाटेवर पडून रायतो म्हून टाइम भेटते लिहाले.

भाऊ, तुमच्या भाऊजीले माह्या तोंडचं सांगा. माह्यं क्रिएटिनिन दोनच्या घरात व्हतं तवा गावच्या डाक्टरनं सुजीची गोयी देल्ली, सुज उतरली, खुश. लघवी तपास म्हून कोनी म्हनलंच नाई. किडनीच्या डाक्टरचं तोंड पायलं ते थेट अँब्युलन्समधून. दम लागला व्हता, आडवं पडता येत नव्हतं. रातोरात गयात नळी टाकली.

मंग हाताले फिश्च्युला करा म्हनले. डाव्या हाताची धमनी नि शीर जोडतात, शीर जाड व्हते, तिथं सुया टोचतात. आता खरी गंमत आयका. माह्या डाव्या हाताच्या शिराच उरल्या नव्हत्या. जवा जवा ताप आला तवा तवा सलाइन, नि तेबी डाव्याच हाताले, उजव्यानं काम करता यावं म्हून. शिरा कडक दोऱ्या झाल्या व्हत्या. पयला फिश्च्युला बसला नाई, दुसरा कोपराच्या वर करा लागला. आता त्यावर बोट ठेवलं का सुरसुर लागते. ते रोज सकायी पायतो, बंद पडली का लगेच फोन करा लागते.

पान्याचं म्हनान तं दोन डायलिसिसच्या मधात वजन दोन किलोच्या वर वाढू द्याचं नाई. उन्हाया लय बेकार जाते. मी बर्फाचे लहान लहान खडे चोखतो. आमच्या इकडं खारोड्या नि ठेचा सोडनं म्हंजे जीव सोडनं, पन सोडलं. मीठ खाल्लं का तहान मारते, नि तहान लागली का वजन.

तुमच्या बाबाले सलाइन लावाले कोनी आलं तं मनगटाच्या खाली, हाताच्या पंज्यावर लावाले लावा.

बाईसाहेब, एक इचारतो. हे आमचं खाऱ्या पान्यानंच झालं का?


अरुणावतीकाठ:

पूर्णाकाठ दादा, तुमचं लिहिलेलं भाऊजींना जसंच्या तसं वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, पण काढ्याचा विषय परत काढला नाही. बाबांचा आता दुसराच हट्ट आहे. नवरात्र नऊ दिवस करतात, पहिला आणि आठवा दिवस फक्त पाण्या-चहावर. आई म्हणते साध्या मिठाऐवजी सैंधव वापरू, शेजारी म्हणतात बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं ते आणा. आणि संत्रं बंद करायचं का? काकांची वरुडला संत्र्याची बाग आहे, पेटी येते दरवर्षी. मॅडम, एवढं सांगा.


डॉक्टरीणबाई_अमरावती:

पूर्णाकाठचे दादा, एका माणसाकडे बोट दाखवून "हे पाण्यानंच" असं मला म्हणता येणार नाही. तुमच्या पट्ट्यातून पेशंट येतात हे खरं, आणि पाणी प्यायला नको इतकं खारं हेही खरं. पण त्याच माणसांत न तपासलेलं बीपी, दुखण्याच्या गोळ्या, उन्हातलं काम हे सगळं एकत्र असतं. पाण्याचं कारण पुढे करून बीपी तपासायचं राहू नये म्हणून मी जपून बोलते. पिण्यासाठी नळयोजनेचं गोडं पाणी मिळत असेल तर तेच प्या. आणि दोनदा डायलिसिस भागतंय की नाही हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. बहुतेकांना तीनदा लागतं. खुर्ची रिकामी नसते म्हणून दोनदावर अडलेले पुष्कळ आहेत, पण विचारल्याशिवाय तिसरा दिवस मिळत नाही.

शिरांचं दादांनी सांगितलं ते अगदी नेमकं. दिग्रसवाल्यांनो, बाबांच्या फाईलवर आजच लिहून ठेवा: "डाव्या हाताला सलाइन नको." डावखुरे असतील तर उजव्या. सोबत हिपॅटायटिस बी ची लस कधी घ्यायची हेही पुढच्या वेळी विचारा, किडनी बरी असताना ती जास्त लागू पडते.

आता आईंसाठी. सैंधव हेही मीठच, सोडियम जवळपास तेवढंच. रंग गुलाबी म्हणून किडनी त्याला वेगळं मानत नाही. कमी सोडियमच्या मिठात मात्र सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, ते तुमच्या घरात आणूच नका. टेलमिसार्टन चालू असलेल्या किडनीच्या पेशंटला ते सैंधवापेक्षा कितीतरी धोक्याचं, पोटॅशियम एकदम चढून हृदयाचा ठोका बिघडतो. साधंच मीठ, दिवसाला सगळं मिळून चहाचा सपाट चमचा. पापड, लोणचं, ठेचा त्यातच मोजायचे.

संत्रं शेवटच्या रिपोर्टमधल्या पोटॅशियमवर ठरेल. 5 च्या खाली असेल तर दिवसाआड एक संत्रं खाऊ द्या, बाग घरची आहे. 5.5 च्या वर असेल तर पेटी शेजाऱ्यांना. रस काढून नको, एका ग्लासात चार-पाच संत्री जातात. आकडा न पाहता सगळी फळं बंद करणारे नातेवाईक मला पेशंटपेक्षा जास्त भेटतात. डाळही पूर्ण बंद करू नका, एक वाटी पातळ वरण रोज चालेल.

नवरात्रात सात दिवस फराळावर असतील तर गोळ्या नेहमीसारख्या, फक्त शेंगदाणे-बटाटे ढीगभर नकोत. निरंकार दिवसांचं मात्र मी बाबांना टाळाच म्हणेन. ऐकलंच नाही, तर आदल्या दिवसापासून डॅपा बंद, आणि नीट जेवण सुरू झाल्यावर परत. टेलमिसार्टनचं त्या दिवशी काय करायचं हे बीपी पाहून यवतमाळच्या डॉक्टरांना विचारा. जुलाब-उलटी लागली तर मात्र डॅपा आणि टेलमिसार्टन दोन्ही थांबवा आणि त्याच दिवशी फोन करा, चार दिवसांनी नको. पुढच्या वेळी नागपूरला जाताना पिशवी उलटी करण्याइतकं सगळं घरातलं घेऊन जा, सुनेच्या डब्यातलंसुद्धा.